ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारा रेडिओ

गेल्या आश्विन महिन्यांत हळव्या भाताची कापणी चालू असतां आमचा पुतण्या अमेरिकेहून चार दिवसांकरितां गांवीं आला होता. शहापूर तालुक्यांतील आमच्या गांवीं त्या दिवसांत कोणासहि बोलावयास फुरसत नसते. कापलेलें भात शेतांत पसरलेलें, आभाळ दुपारनंतर भरून येणारें, आणि मजूर मिळतील त्या भावानें घ्यावयाचे, अशी घाई असते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मात्र चार शेजारी आमच्या ओटीवर येऊन बसतात. पुतण्यानें आपला मोबाइल मधोमध ठेवून तिकडील एका सार्वजनिक रेडिओचा कार्यक्रम लावला होता. तो इंग्रजींत असल्यानें समजणारे दोघेतिघेच होते. शेवटीं बोलणाऱ्या बाईनें कांहीं विनवणी केल्यासारखें वाटलें, म्हणून ती काय म्हणते असें एकानें विचारलें.

"हा कार्यक्रम कोणासहि फुकट ऐकतां येतो, तो चालू राहावा म्हणून ऐकणाऱ्यांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें कांहीं द्यावें, असें ती म्हणते," पुतण्यानें सांगितलें.

"आणि तूं देतोस काय?"

"देतों, काका. दरमहा दहा डॉलर."

ओटीवर हंशा पिकला. फुकट मिळणाऱ्या वस्तूस पैसे देणारा मनुष्य शिकलेला असूनहि शहाणा म्हणावा कीं नाहीं, यावर थोडी थट्टा झाली. सत्तरी ओलांडलेले आमच्या शेजारचे आजोबा मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "अरे, वासुदेव पहांटे दारांत येऊन गातो, तो काय तिकीट लावून गातो? ऐकलें त्यानें सुपांतून पसाभर घालावें. नाहीं घातलें तरी तो गातोच, आणि पुढच्या दारीं जातो. पण साऱ्या गांवानेंच नाहीं घातलें, तर पुढच्या सालीं तो येईल काय?"

आजोबांचा प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला आणि त्यावर थोडें वाचन व विचार केला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण शेतकऱ्यास आज जो सल्ला मोबाइलवर फुकट ऐकावयास मिळतो, त्याचे पैसे कोण देतो, हा प्रश्न आपल्या खाचरापर्यंत येऊन भिडणारा आहे.

ज्यास हल्लीं "पॉडकास्ट" म्हणतात तो प्रकार पुष्कळांस परिचित असेल. ज्यांस नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळीं येतो आणि निघून जातो. त्या वेळीं आपण गुरांमागें असलों तर तो हुकला. पॉडकास्ट म्हणजे तसाच कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवून दिलेला. ज्यास पाहिजे त्यानें पाहिजे तेव्हां तो मोबाइलवर उतरवून घ्यावा आणि सवडीनें ऐकावा. डोळखांबकडील डोंगराआडच्या पाड्यांवर मोबाइलची रेंज मिळणें देवाधीन असतें. परंतु बाजाराच्या दिवशीं शहापुरास किंवा मुरबाडास आलेला मनुष्य तेथें कार्यक्रम उतरवून घेऊन घरीं गेल्यावर रेंज नसतांहि तो ऐकूं शकतो. राब भाजतांना, बांधावर बसून, बैलगाडींत किंवा टेंपोंत, कोठेंहि.

आतां असा कार्यक्रम फुकट कसा, हें नीट पाहिलें पाहिजे. भाताची एक पायली मीं शेजाऱ्यास दिली तर माझ्या कणगींतून एक पायली कमी होते. भातसा व तानसा यांचें पाणी मुंबईस गेलें कीं तें शहापूर तालुक्यास उरत नाहीं, आणि वैशाखांत तालुक्यांतील पाड्यांवर टँकर धाडावे लागतात, हें दुःख आपणांस दुसऱ्यानें सांगावयास नको. आवाजाचें तसें नाहीं. तो शंभरांनीं ऐकला काय आणि दहा हजारांनीं ऐकला काय, कोणाचाहि वांटा कमी होत नाहीं. म्हणूनच त्यास कुलूप लावून पैसे देईल त्यासच ऐकूं द्यावें, हें मनास पटत नाहीं. परंतु पहिला आवाज तयार होण्यास जो खर्च लागतो तो चुकत नाहीं. शेतावर जाऊन विचारणारा मनुष्य, त्याचा प्रवास, जाणत्यांस गांठणें, त्यांनीं सांगितलेलें खरें कीं खोटें तें पडताळणें, मुद्रण, संपादन, हीं सर्व कामें कोणी तरी दिवसचे दिवस घालवून करितो. यंत्रें स्वस्त झालीं आहेत. मनुष्याचा दिवस स्वस्त झालेला नाहीं. तेव्हां ऐकणाऱ्यानें दिले नाहींत तर ते पैसे दुसरा कोणी तरी देत असतो, इतकें निश्चित.

तो दुसरा कोण, याची किंमत मीं एकदां मोजली आहे. चार वर्षांपूर्वींची गोष्ट. भाद्रपदांत माझ्या दोन एकरांतील भाताचीं पानें शेंड्याकडून आणि कडांनीं पिवळीं पडून वाळूं लागलीं. भातपिकाचा फुकट सल्ला देणारा एक कार्यक्रम मी त्या वेळीं मोबाइलवर नेमानें ऐकत असें. आवाज गोड, भाषा आपल्याकडचीच. त्यांत करप्याची माहिती सांगून एका बुरशीनाशकाची शिफारस केली होती. मीं दोन फवारण्या केल्या. शिवाय पीक पिवळें दिसतें म्हणून युरियाचा एक हप्ता वाढवून दिला. रोग थांबला नाहींच, उलट बळावला. शेवटीं पानें घेऊन कर्जतच्या प्रादेशिक कृषि संशोधन केंद्रांत गेलों, तेव्हां कळलें कीं तो करपा नसून कडा करपा होता. करपा बुरशीमुळें होतो. त्याचे ठिपके डोळ्याच्या आकाराचे, मध्यें राखी व कडेस तपकिरी असतात. कडा करपा जिवाणूमुळें होतो. त्यांत पान कडेकडेनें नागमोडी रेषेंत वाळत जातें, आणि बुरशीनाशकाचा त्यावर कांहीं उपयोग नाहीं. नत्र जास्त झालें कीं तो फोफावतो. खाचरांतील पाणी काढून टाकून नत्राचा हप्ता थांबवावयास पाहिजे होता. मीं नेमकें उलट केलें. निम्में पीक हातचें गेलें.

मागाहून चौकशी करितां समजलें कीं, त्या कार्यक्रमाचा सर्व खर्च औषधें विकणारी एक कंपनी करीत होती. कार्यक्रमांत खोटें असें कांहीं सांगितलेलें नव्हतें. करप्याबद्दल जें सांगितलें तें खरेंच होतें. फक्त ज्या रोगावर त्यांच्यापाशीं विकावयास औषध नव्हतें, त्या रोगाबद्दल एक शब्दहि नव्हता. पानें न दाखवितां फवारणी करणारा मी, तेव्हां चूक माझीहि होतीच. तरी तेव्हांपासून कोणताहि फुकट सल्ला ऐकतांना याचा पोशिंदा कोण, असा प्रश्न मी प्रथम विचारतों.

ऐकणाऱ्यांनींच पोशिंदे व्हावें ही कल्पना कांहीं अमेरिकेंतच जन्मलेली नाहीं. वाचकांस नवल वाटेल, परंतु आपल्या देशांत रेडिओचा आरंभच सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या हौशी मंडळांनीं केला. १९२३ च्या जून महिन्यांत मुंबईच्या रेडिओ क्लबानें पहिले कार्यक्रम प्रसृत केले. त्याच वर्षीं कलकत्त्यास आणि १९२४ त मद्रासेस असेच क्लब निघाले. मद्रासचा क्लब सुमारें तीन वर्षें तग धरून १९२७ सालीं पैशाच्या अभावीं बंद पडला आणि त्यानें आपलें यंत्र तेथील नगरपालिकेच्या स्वाधीन केलें.

पुढें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्या यंत्राची शक्ति दीड किलोवॅट. तीस मैलांच्या बाहेर तें भरंवशानें ऐकूं येत नसे, म्हणजे शहापूर व मुरबाड त्या टापूबाहेरच राहिले. या कंपनीचा जमाखर्च शेतकऱ्यानें मुद्दाम पाहण्यासारखा आहे. घरीं रेडिओ ठेवणाऱ्यानें वर्षास १० रुपये परवाना फी द्यावयाची आणि तींतील ८ रुपये कंपनीस मिळावयाचे, अशी योजना होती. शिवाय परदेशांतून येणाऱ्या यंत्रांच्या किंमतीवर शेंकडा दहा. १९२७ अखेर परवाने झाले ३,५९४; १९२८ अखेर ६,१५२; १९२९ अखेर ७,७७५. शेवटच्या आंकड्यास आठांनीं गुणिलें तर वर्षाचे साधारण बासष्ट हजार रुपये होतात. उलट खर्च महिना ३३,००० रुपये होता. तो काटछांट करून २४,००० वर आणला, तरी वर्षास तो तीन लाखांच्या घरांत जाई. ऐकणारे याहून पुष्कळ असले पाहिजेत; परंतु परवाना न काढतां यंत्र वापरणाऱ्यांचा आणि यंत्रावरील शेंकडा दहा बुडविणाऱ्यांचा सुळसुळाट होता. १९३० च्या मार्चांत कंपनी बुडाली. एप्रिलपासून सरकारनें ती चालवावयास घेतली, १९३१ च्या ऑक्टोबरांत काटकसरीसाठीं बंद करण्याचें ठरविलें, आणि लोकांनीं ओरड केली तेव्हां कांहीं आठवड्यांतच तो बेत फिरविला. १९३६ सालीं तिला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें.

परवाना फी पुढें अनेक वर्षें टिकली. माझ्या वडिलांचें पोस्टाच्या बचतखात्यासारखें दिसणारें परवान्याचें पुस्तक आमच्या फडताळांत पुष्कळ दिवस होतें. दरवर्षीं पोस्टांत जाऊन तें नवें करून आणणें हा त्यांना दंड वाटे, दान कधींहि वाटलें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत ती फी रद्द झाली, तेव्हां घरांत आनंदच झाला. कायद्यानें घेतलेला पैसा आणि मनानें दिलेला पैसा यांत हा भेद आहे. पहिल्यांत देणारा वाटा चुकवूं पाहतो आणि दिल्यानंतर विचारावयाचेंहि विसरतो.

ऐकणारा नुसता कान न राहतां कार्यक्रमाचा भागीदार झाला तर काय होतें, याचा दाखला पुणें केंद्रानें घालून दिला, आणि तो शेतकऱ्यांच्याच बाबतींत. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत युनेस्कोच्या साहाय्यानें पुण्याच्या आसपासच्या पांच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत "शेतकरी रेडिओ मंडळें" काढण्यांत आलीं. कल्पना कॅनडांतील शेतकऱ्यांकडून घेतलेली होती: ऐका, चर्चा करा, आणि करून पाहा. प्रत्येक गांवीं वीसेक शेतकऱ्यांचें मंडळ. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावयाचें, अर्धा तास कार्यक्रम ऐकावयाचा, नंतर त्यावर वाद घालावयाचा, आणि निघालेले प्रश्न व झालेले निर्णय लिहून केंद्राकडे पाठवावयाचे. पुढील कार्यक्रमांत त्या प्रश्नांस उत्तरें मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली. तिनें मंडळें असलेलीं खेडीं, नुसता रेडिओ असलेलीं खेडीं आणि रेडिओच नसलेलीं खेडीं यांची तुलना केली. मंडळांच्या खेड्यांत लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत फारच थोडें.

मला या प्रयोगांतील महत्त्वाची गोष्ट ती वाटते जी पाहणीच्या आंकड्यांत मावत नाहीं. त्या दहा आठवड्यांत केंद्रांत बोलणाऱ्यास आपण कोणाशीं बोलतों हें ठाऊक होतें. एखाद्या गांवाहून "तुम्ही सांगितलेलें खत आमच्याकडे मिळतच नाहीं" असें उत्तर आलें तर पुढच्या खेपेस त्याचा जाब द्यावा लागे. या मंडळांनीं पैसा दिला नव्हता. वेळ दिला होता आणि प्रश्न दिले होते. पुढें १९५९ पासून हीच योजना देशभर नेण्यांत आली, मंडळांची संख्या हजारांवर गेली, आणि हळूहळू तीं विरून गेलीं. सरकारी योजनेचा जोर वरून ओसरला कीं खालीं मंडळ टिकविण्यास गांवाचें असें कांहीं त्यांत गुंतलेलें नव्हतें, हें एक कारण मला दिसतें. गांवानें वर्षास चार रुपये जरी घातले असते तरी त्या चार रुपयांची चौकशी करावयास कोणी तरी उभा राहिला असता.

पुतण्या ज्या रिवाजाप्रमाणें पैसे देतो त्याचा उगम याच सुमाराचा आहे. १५ एप्रिल १९४९ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कली गांवीं लुइस हिल नांवाच्या गृहस्थानें व त्याच्या सोबत्यांनीं केपीएफए नांवाचें केंद्र काढलें. जाहिरात घ्यावयाची नाहीं, सरकारचा पैसा घ्यावयाचा नाहीं, ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालवावयाचें, असा त्यांचा निश्चय. सव्वा वर्षांतच पैसे संपले आणि १९५० च्या ऑगस्टांत केंद्र मुकें झालें. परंतु ज्यांस तें ऐकण्याची संवय लागली होती त्यांनींच धांवाधांव करून पैसा जमविला आणि १९५१ च्या मे महिन्यांत तें पुन्हां बोलूं लागलें. तें आजतागायत चालू आहे. हिलचा हिशेब असा होता कीं, ऐकणाऱ्यांपैकीं शंभरांत दोघांनीं नेमानें वर्गणी दिली तरी पुरे. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांनीं खुशाल फुकट ऐकावें. त्यांच्याबद्दल मनांत अढी धरूं नये. आपल्याकडील कीर्तनांत आरतीचें ताट फिरतें तेव्हांहि सारेच कांहीं टाकीत नाहींत, आणि न टाकणाऱ्यास बुवा उठवून देत नाहींत.

तथापि या मार्गाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. अमेरिकेंत १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणी यांस सरकारी साहाय्य देणारें एक मंडळ निघालें. २०२५ च्या जुलैंत तेथील काँग्रेसनें या मंडळाचा पुढील दोन वर्षांचा ११० कोटी डॉलरांचा मंजूर निधि परत घेतला आणि मंडळास आपलें काम आटोपतें घ्यावें लागलें. मोठ्या शहरांतील केंद्रांस ऐकणारे पुष्कळ व ऐपतीचे. त्यांस वर्गणीचा आधार होता. जीं केंद्रें दूरच्या खेड्यापाड्यांत, थोड्या आणि गरीब वस्तींत होतीं त्यांचा भार मुख्यतः त्या सरकारी निधीवरच होता, आणि खरी ओढाताण त्यांच्या वाट्यास आली. यावरून वर्गणी ही सर्व दुखण्यांवर मात्रा आहे असें मी म्हणणार नाहीं. जेथें ऐकणाऱ्याच्या खिशांत कांहीं नाहीं तेथें वर्गणीचा रेडिओ प्रथम मुका होतो. पुतण्यास मीं हें बोलून दाखविलें, तेव्हां "म्हणून तर मी देतों," एवढेंच तो म्हणाला.

आपल्या राज्यांत काय आहे? १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २००२ त शिक्षणसंस्थांस आणि २००६ त इतर सेवाभावी संस्थांस लहान, स्थानिक "सामुदायिक रेडिओ" चालविण्याची परवानगी मिळाली. साताऱ्याकडे म्हसवडचें माणदेशी तरंग, सांगलीच्या जत तालुक्यांत जालिहाळचें येरळावाणी, बारामतीची वसुंधरा वाहिनी हीं अशीं केंद्रें होत. यंत्राची शक्ति बहुधा शंभर वॅट, टापू चार-पांच कोसांचा, आणि निम्मे कार्यक्रम तरी तेथल्याच लोकांनीं केलेले पाहिजेत असा दंडक. जाहिरातीस २००६ च्या नियमांत तासास पांच मिनिटें होतीं; ती मर्यादा पुढें वाढविण्यांत आली. बहुतेक केंद्रांचा खर्च त्यांची मूळ संस्था सोसते. हें उत्तम असलें तरी संस्थेचे दिवस फिरले कीं रेडिओचेहि फिरतात.

आमच्या भागांत सह्याद्रीच्या सोंडा अशा उतरल्या आहेत कीं शंभर वॅटांचा आवाज एका खोऱ्यांतून दुसऱ्या खोऱ्यांत जावयाचा नाहीं. किन्हवलीस लागलें तर टोकावड्यास लागणार नाहीं. म्हणून मनोरा उभारण्याच्या भानगडींत न पडतां मोबाइलवर उतरवून घेतां येणारा साप्ताहिक कार्यक्रम हाच आपणांस परवडणारा मार्ग होय, असें माझें मत बनलें आहे. त्याचा हिशेब पाहूं. हे आंकडे केवळ समजण्याकरितां घेतले आहेत. समजा, आठवड्यास एक, अर्ध्या तासाचा, शेतावर जाऊन केलेला आणि जाणत्यांकडून तपासून घेतलेला कार्यक्रम काढण्यास महिना वीस हजार रुपये लागतात. ऐकणारे दहा हजार धरले तर हिलच्या हिशेबानें देणारे दोनशें. प्रत्येकीं महिना शंभर रुपये पडतात. युरियाच्या एका गोणीच्या निम्म्याहूनहि हें कमी आहे. अडचण शंभर रुपयांची नाहीं, दहा हजार ऐकणाऱ्यांची आहे. भाताबद्दलच बोलणाऱ्या कार्यक्रमास शहापूर व मुरबाड या दोनच तालुक्यांत तितके कान मिळतील असें मला वाटत नाहीं. परंतु वाडा, जव्हार, कर्जत, इगतपुरी येथेंहि खाचरें तींच, पाऊस तोच आणि कडा करपाहि तोच. इतका पट्टा धरला तर आंकडा आवांक्यांत येतो.

थोडें थोडें पुष्कळांकडून घेण्याची विद्या आपणांस कोणी शिकवावयास नको. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडानें माणशीं एक पैसा मागून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना उभा केला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांस घरोघरच्या बायांनीं मूठमूठ धान्य घातलें, तोच मुष्टिफंड. त्या काळीं खरी अडचण पैसा गोळा करण्याची असे. एक पैसा मागावयास दोन कोस चालावें लागे, आणि गोळा करणाऱ्याच्या भाकरीचाच खर्च पैशाहून जास्त होई. २०१६ साली यूपीआय आल्यापासून ती अडचण उरलेली नाहीं. आमच्या गांवचा भाजीवाला दहा रुपये मोबाइलवर घेतो. मग कार्यक्रम संपतां संपतां पांच रुपये धाडणें कोणास जड जाणार? ज्यास तेंहि जमत नाहीं त्यानें सुगींत पायलीभर भात द्यावें, किंवा आपल्या शेतांतील प्रश्न आवाज मुद्रित करून पाठवावा. १९५६ च्या मंडळांकडे पाहतां अशा प्रश्नाची किंमत पैशाहून कमी धरण्याचें कारण नाहीं.

दोन गोष्टींविषयीं मात्र प्रथमपासून कडक राहिलें पाहिजे. पहिली, कोणा एकाकडून मोठी रक्कम घेऊं नये. म्हसेच्या जत्रेंत एखादा बडा व्यापारी उदारपणें मांडव घालून देतो आणि पुढच्या वर्षीं मांडवांत कोणीं बसावें हें तोच ठरवूं लागतो. खत, बियाणें वा औषध विकणाऱ्याचा पैसा तर शिवूंहि नये, मग त्याचा हेतु कितीहि निर्मळ असो. माझे दोन एकर मी विसरलेलों नाहीं. आणि दुसरी गोष्ट हिशेबाची. वर्गणीच्या कामांत आपल्याकडे आरंभ थाटाचा होतो आणि तिसऱ्या वर्षीं वही सांपडत नाहीं. म्हणून दर महिन्यास एका कार्यक्रमाचीं शेवटचीं पांच मिनिटें जमाखर्च वाचून दाखविण्यास द्यावींत. इतके आले, इतके गेले, अमुक सल्ला चुकला, तो असा दुरुस्त करून घ्यावा, असें उघड सांगावें. चुकीची कबुली फक्त ऐकणाऱ्यांचें मीठ खाणाराच मोकळेपणानें देऊं शकतो.

पुतण्या परत जावयाच्या आदल्या रात्रीं हाच विषय पुन्हां ओटीवर निघाला. थट्टा करणाऱ्यांपैकीं दोघांनीं, कार्यक्रम आपल्या भाषेंत आणि आपल्या भाताबद्दल असेल तर महिना पन्नास रुपये देऊं, असें कबूल केलें. तिसऱ्यानें, "आधीं ऐकतों, मग बघतों," म्हटलें. तेंहि मला रास्त वाटलें. आजोबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं नातवाकडून त्याचा मोबाइल घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलें, "जमाखर्च वाचणार तो आपल्या गांवचा असेल, कीं मुंबईचा?" कोणी उत्तर देण्याच्या आंत माहुलीच्या अंगास वीज चमकली. शेतांत तीन दिवसांचें कापलेलें भात पसरलेलें होतें. सारे उठले आणि ताडपत्र्या घेऊन शेताकडे निघाले.